चतुःसीमा नसलेला कागद

गोपाळकृष्ण तांबवेकर यांनी बत्तीस वर्षे दस्तनोंदणीच्या कचेरीत काढली आणि त्या बत्तीस वर्षांत दोन गोष्टी कटाक्षाने पाळल्या. समोर आलेल्या मजकुरातली एक ओळही गाळायची नाही, आणि त्या मजकुरात स्वतःचा एक शब्दही घालायचा नाही. निवृत्तीनंतर कोथरूडच्या दोन खोल्यांत हे दोन्ही नियम चालवायला काही साधन उरले नव्हते. वर्तमानपत्रातल्या चुका तांबड्या शाईने दाखवून संपादकांना पाठवणे, आणि सोसायटीच्या सूचनाफलकावरील वाक्यांची दुरुस्ती करणे, एवढ्यावर त्यांना भागवावे लागे. त्यामुळे २००६च्या फेब्रुवारीत चौथ्या मजल्यावरची पूर्णिमा अकरा सीडी आणि हेडफोन घेऊन दारात उभी राहिली, तेव्हा त्यांच्यापेक्षा त्यांच्या पत्नीला, हेमाताईंना, अधिक हायसे वाटले.

पूर्णिमा पाच वर्षे एका सॉफ्टवेअर कंपनीत होती. ती नोकरी सोडून, साठवलेल्या पैशांतून कॅमेरा घेऊन, ती माहितीपट करू लागली होती. विषय होता हडपसर. जिथे ऊस आणि भाजीपाला होत असे त्या शिवारात गेल्या सहा-सात वर्षांत काचेच्या इमारती उठल्या. जमिनीला कुणी स्वप्नात पाहिला नव्हता असा भाव आला. आणि त्या जमिनींच्या सातबाऱ्यावरून ज्यांची नावे भाव येण्याआधीच कमी झाली होती, त्या बहिणींना पूर्णिमा शोधून बोलते करीत होती. तिला हवे होते ते इतकेच, की काकांनी सीडी ऐकाव्यात आणि कोण काय बोलले ते वेळ टाकून वहीत उतरवावे. महत्त्वाचे तेवढे लिहिले तरी चालेल, असेही ती म्हणाली. महत्त्वाचे काय हे ठरवण्याचा पगार आपण कधी घेतला नाही, असे तांबवेकरांनी तिला ऐकवले आणि पहिल्याच दिवशी खोकला, कोंबडा व शेजारच्या बांधकामावरचे मिक्सर यांच्यासह चौदा पाने लिहून काढली.

विषय त्यांना परका नव्हता. वडील वारले की सातबाऱ्यावर मुलांबरोबर मुलींचीही नावे लागतात. मग एके दिवशी भाऊ बहिणींना घेऊन कचेरीत येतो आणि बहिणी आपापला हिस्सा विनामोबदला त्याच्या नावे सोडून देतात. त्या दस्ताला हक्कसोडपत्र म्हणतात. त्या दिवशी बहिणींना साडीचोळी होते, हॉटेलात जेवण होते, आणि माहेरचे दार उघडे राहते. असे दस्त तांबवेकरांच्या हाताखालून किती गेले याची मोजदाद नव्हती. प्रत्येक बाईला ते नियमाप्रमाणे विचारीत : मजकूर वाचून दाखवला, समजला, मान्य आहे ना? एका दमात विचारीत, आणि विचारताना नजर रजिस्टरावर असे, कारण मागे रांग असे. बत्तीस वर्षांत एकाही बाईने 'नाही' म्हटले नव्हते. या गोष्टीचा त्यांना नोकरीत असताना अभिमान वाटे. निवृत्तीनंतर तिच्याविषयी त्यांनी विचार करण्याचे टाळले होते.

सातव्या सीडीवर तुळजाबाई आल्या. वय साठीच्या आतबाहेर, माहेर हडपसरचे, आता मुलाबरोबर वाघोलीत राहणाऱ्या. मुलाखत ऐन रंगात आली होती. पूर्णिमाने विचारले की, सही घेताना तुम्हाला फसवलं का. मग बराच वेळ नुसती शांतता होती. तांबवेकरांनी ती सेकंदांसह नोंदवली. आणि मग बाईंचा आवाज :

"व्हय. दादा म्हनला, सोसायटीच्या कर्जाचा कागद हाय. नुसती सही कर, बाकी काय न्हाय. मी केली."

तांबवेकरांचा हात वहीवर थांबला. हे शब्द आपण नुकतेच, याच दुपारी, लिहिले आहेत असे त्यांना वाटले. त्यांनी चार पाने मागे उलटली. मुलाखत सुरू होण्याआधी, कॅमेरा लावला जात असताना, दुसऱ्या मिनिटाला पूर्णिमा म्हणाली होती : "मावशी, इथे एक सही करा. नुसती सही, बाकी काही नाही." आणि तुळजाबाईंनी विचारले होते : "कुठं करू?"

त्यांनी ती दोन्ही ठिकाणे तीन-तीनदा ऐकली. मग चष्मा पुसला, आणि हेमाताईंना सांगितले की पूर्णिमाला खाली बोलावून घे आणि तिला म्हणावे, सही घेतलेला कागदही बरोबर आण.

पूर्णिमा आली ती हसतच. कागद इंग्रजीत होता, दोन पानांचा. अशा सगळ्या चित्रपटांना असाच कागद लागतो, हा तिने कुठल्याशा संकेतस्थळावरून उतरवून घेतला होता. तांबवेकरांनी तो मराठी करून मोठ्याने वाचला, आणि बत्तीस वर्षांची सवय असल्यामुळे त्याला आपसूकच दस्ताची भाषा आली. लिहून देणार यांचे चित्र, आवाज व कथन लिहून घेणार यांनी हल्ली अस्तित्वात असलेल्या अगर पुढे निघणाऱ्या कोणत्याही साधनाने, पृथ्वीवर कोठेही, कायमचे, हवे तसे कापून अगर जोडून वापरावे. त्यास लिहून देणार यांची अगर त्यांच्या वारसांची कधीही तक्रार असणार नाही.

"हक्कसोडपत्र बरं होतं," ते म्हणाले. "त्याला निदान चतुःसीमा असतात. पूर्वेस अमक्याचा गट, पश्चिमेस ओढा. बाईनं काय सोडलं ते मोजता तरी येतं. या कागदाला कुठल्याच बाजूला बांध नाही."

पूर्णिमाचे हसू मावळले. आपण त्या बायकांच्याच बाजूने हे सगळे करीत आहोत, असे तिने जरा तिखटपणे सांगितले.

"तिचा भाऊ, दत्तोबाही त्या दिवशी तिच्याच बाजूनं बोलत असणार," तांबवेकर म्हणाले. "बाजू कुणाची हा वाद नाहीच. कागद कुणी वाचून दाखवला, एवढंच मी विचारतोय."

मग वाद पेटला. येत्या शनिवारी माहितीपट दाखवायचा होता. सभागृह घेतले होते. हडपसरच्या मंडळींनाही निमंत्रणे गेली होती. एका वाहिनीकडे प्रत पोचली होती. तुळजाबाईंची अकरा मिनिटे म्हणजे सगळ्याचा कणा होता, कारण भावाने फसवून सही घेतली असे कॅमेऱ्यासमोर स्पष्ट बोललेली ती एकच बाई. ती काढली तर उरते काय, नुसत्या इमारती आणि गर्दी, असे पूर्णिमा म्हणाली. मग इमारतीच दाखवाव्यात, त्यांची सही लागत नाही, असे तांबवेकर म्हणाले. दत्तोबा त्या सभागृहात येऊन बसला आणि आपली बहीण आपल्याला लबाड म्हणते आहे हे त्याने शे-दोनशे लोकांत ऐकले, तर त्या बाईचे माहेर रविवारी सकाळी शिल्लक राहील का, आणि राहिले नाही तर ते परत कोण आणून देणार, एवढेच त्यांना समजून घ्यायचे होते. हेमाताईंनी मध्ये येऊन, दोघांनी भांडावे पण चहा निवायच्या आत आटपावे, असे सुचवले. पूर्णिमा चहा न घेता गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता ती पुन्हा दारात होती. डोळे सुजलेले होते, आणि हातात सगळ्या सह्यांची फाईल होती.

"काका, तुम्हाला चुकीचं ठरवायला म्हणून त्यांना फोन करणार होते," ती म्हणाली. "माझ्याकडे त्यांचा नंबरच नाहीये. एकीचाही नाहीये. आणि कागदाची कॉपी मी कुणालाच दिलेली नाही. त्यांना मला काही सांगायचं असेल तर त्या सांगणार कुठे?"

तांबवेकरांनी विजयाचे एक वाक्य तयार ठेवले होते. ते त्यांनी गिळले आणि कोट घातला.

कोथरूडहून वाघोली म्हणजे शहराचे एक टोक ते दुसरे टोक, आणि पूर्णिमाची स्कूटी. हेल्मेट घातल्यावर यांना काही ऐकू येणार नाही, तेव्हा वाटेत वाद होणार नाहीत, असा हेमाताईंनी निरोप दिला. खरोखरच झाले नाहीत. येरवडा ओलांडून नगर रस्त्याला लागल्यावर दुतर्फा नव्या इमारतींच्या जाहिराती सुरू झाल्या, आणि मागच्या सीटवर तांबवेकर तुळजाबाईंना काय सांगायचे ते मनात मुद्देसूद मांडीत राहिले. त्यांचे हक्क, संमती म्हणजे काय, ती मागे कशी घ्यावी, सगळे त्यांनी क्रमाने रचले. बाईंना यातले काहीच ठाऊक नसणार, हे त्यांनी गृहीत धरले होते.

एका महाविद्यालयाच्या वसतिगृहामागे पत्र्याची चाळ होती. तिच्या शेवटच्या खोलीत तुळजाबाई वसतिगृहातल्या मुलांच्या डब्यांसाठी पोळ्या लाटीत बसल्या होत्या. तांबवेकरांनी तो आवाज अख्खी दुपार ऐकला होता, पण चेहरा ते प्रथमच पाहत होते. पूर्णिमा दिसताच बाई लाटणे हातात घेऊनच उठल्या, दारापर्यंत आल्या, आणि एकदम उंबऱ्यावर खाली बसल्या.

"आलीस का गं बाई," त्या म्हणाल्या. "लागलं का ते? दाखवलं का लोकास्नी?"

अजून नाही, शनिवारी आहे, असे पूर्णिमाने सांगितले. बाईंनी लाटणे मांडीवर ठेवले आणि दोन्ही हात चेहऱ्यावरून फिरवले. पीठ गालाला लागले होते, ते त्यांना कळले नाही.

दोन महिने त्या पूर्णिमाला शोधीत होत्या. पत्ता नव्हता, नंबर नव्हता, ध्यानात होते ते फक्त नाव. डबा न्यायला येणाऱ्या मुलांना त्यांनी गळ घातली की तुम्ही त्या कॉम्प्युटरच्या दुकानात बसता, तर तिथे बघा ही पूर्णिमा कुठे राहते. मुलांनी बघितले, आणि परत येऊन सांगितले की मावशी, लाखभर पूर्णिमा आहेत, तुमची कुठली? तेव्हापासून रोज दुपारी मुलांच्या खोलीत टीव्ही लागला की या दाराशी जाऊन बघत, आपले तोंड त्यात दिसते की काय.

तांबवेकरांनी घसा साफ केला, पिशवीतून कागद काढला आणि प्रथम हा वाचून दाखवणे आवश्यक आहे असे म्हटले.

"कागद ऱ्हाऊ द्या सायेब," तुळजाबाई म्हणाल्या. "आदी माझं ऐका. मी त्या दिवशी खोटं बोलले."

पूर्णिमा खाली बसली. तांबवेकर उभेच राहिले, कारण त्यांनी रचलेल्या मुद्द्यांत हे कुठेच बसत नव्हते.

बाईंनी तव्यावरची पोळी उतरवली, स्टो बंद केला आणि सांगायला सुरुवात केली. नवरा गेला तेव्हा त्या तिशीच्या होत्या, मुलगा ऋषी चार वर्षांचा. सासरी राहण्यासारखे नव्हते. दत्तोबादादा बैलगाडी घेऊन आला आणि दोघांना हडपसरला घेऊन गेला. चार वर्षे त्या तिथे राहिल्या, आणि त्या चार वर्षांत त्या घराने त्यांना एकदाही पाहुणी म्हटले नाही. पुढे त्या स्वतःच्या पायावर उभ्या राहिल्या, वेगळ्या झाल्या. त्र्याण्णव साली वडील वारले. दादाने कचेरीत नेले तेव्हा रस्त्यातच स्पष्ट सांगितले की हा हिस्सा सोडल्याचा कागद आहे, तुझी मर्जी असेल तर कर, नसेल तर आताच बोल. त्यांनी मनापासून सही केली.

"तवा ती प्रॉपर्टी नव्हती सायेब, वावर व्हतं," त्या म्हणाल्या. "गाजरं निघायची त्यात. तितं काचंची बिल्डिंग व्हनार, ते देवाला तरी म्हायती व्हतं का?"

मग भाव आले. ऋषी एका कंपनीची गाडी चालवू लागला. संगणकवाल्या मुलामुलींना घेऊन तो रोज त्याच शिवारातून जाई-येई, आणि ज्या जमिनीत आईचा वाटा होता तिच्यावर आता किती मजले आहेत ते मोजी. एके दिवशी घरी येऊन त्याने चढ्या आवाजात विचारले की तुला कुणी फसवून सही घेतली का. लेकाच्या तोंडावर 'मी आपणहून दिली' असे म्हणायची त्यांना हिंमत झाली नाही. त्या 'व्हय' म्हणाल्या. त्या दिवसापासून ऋषीने मामाचा उंबरा सोडला. सहा वर्षे तो 'व्हय' त्यांच्या घरात तसाच राहिला. आणि डिसेंबरात ही पोरगी कॅमेरा घेऊन आली, ऋषी त्याच खोलीत भिंतीला टेकून उभा होता, आणि तिनेही तेच विचारले.

"दादानं मला फसवलं न्हाय," तुळजाबाई म्हणाल्या. "मी लेकाला फसवलं. आन् त्ये आता टीव्हीवर लागनार म्हनल्यावर माझी झोपच गेली बघा."

तांबवेकरांनी पाहिले की पूर्णिमाने कॅमेऱ्याची पिशवी खांद्यावरून उतरवली नव्हती, आणि तिच्या चेनला हातही लावला नव्हता. ती उठली, दाराबाहेर गेली आणि मोबाइलवरून तिने वाहिनीच्या माणसाला सांगितले की पाठवलेली प्रत वापरायची नाही, त्यात एक गोष्ट खोटी आहे आणि ती माझ्या प्रश्नामुळे खोटी झाली आहे. पलीकडून काहीतरी बरेच बोलले जात होते. ती दोनदा 'नाही' म्हणाली आणि फोन बंद करून आत आली.

"मावशी, ती अकरा मिनिटं मी काढून टाकते," ती म्हणाली. "शनिवारी ती दिसणार नाहीत. पुढेही नाहीत." आणि मग, काहीशा नवलाने, "मी एका माणसाला सगळ्यांसमोर लबाड ठरवणार होते, आणि त्यानं काही केलेलंच नव्हतं."

तिच्या आवाजात रडू नव्हते. ओझे खाली ठेवल्यावर हाताकडे पाहावे तसे ती बोलत होती.

तांबवेकरांच्या मनात मात्र वेगळेच काही घोळत होते, आणि ते विचारल्यावाचून त्यांना राहवेना. कचेरीत साहेबांनी तुम्हाला मजकूर मान्य आहे का, असे विचारले होते ना?

"इचारलं की. मान खाली घालून इचारलं. त्यानं जरा वर बघितलं असतं, तर मी म्हननार व्हते, लिवा सायेब, मनानं देतीया म्हनून. पन त्याचा आपला शिक्का चालला व्हता."

कचेरी कोणती, हे तांबवेकरांनी विचारून घेतले. त्र्याण्णव साली ते दुसरीकडे होते. त्यांना हायसे वाटले, आणि हायसे वाटल्याची लगेच लाजही वाटली, कारण त्या साली दुसऱ्या कचेरीत त्यांनीही मान वर केलेली नव्हती. एका बाईला सगळे ठाऊक होते म्हणून इतर सगळ्यांना ठाऊक होते असे सिद्ध होत नाही, हे त्यांना तर्काने कळत होते. पण कोणाला ठाऊक होते आणि कोणाला नव्हते, हे आता कोणत्याही रजिस्टरातून निघणार नव्हते.

तेवढ्यात बाहेर गाडी थांबली. दुपारची पाळी सुरू होण्याआधी ऋषी जेवायला आला होता. पांढरा गणवेश, गळ्यात कंपनीचे ओळखपत्र, आणि दारात परकी चप्पल पाहून कपाळावर आठी. तुळजाबाईंनी त्याला बसू दिले नाही. दोन परकी माणसे समोर असताना, किंवा ती होती म्हणूनच, त्यांनी उभ्या उभ्या सगळे सांगून टाकले.

ऋषीचा चेहरा आधी तांबडा झाला. सहा वर्षे मला खोटे का सांगितलेस, असे त्याने विचारले.

"तू इचारलंस तसं," आई म्हणाली. "कुनी फसवलं, असं इचारलंस. का दिलंस, असं कवा इचारलं न्हाईस."

तो मोरीत गेला. बराच वेळ पाण्याचा आवाज येत राहिला. एवढे पाणी हात-तोंड धुवायला लागत नाही, असे तांबवेकरांच्या मनात आले, आणि हे आपण वहीत लिहिले नसते, असेही आले. ऋषी बाहेर आला तो टॉवेलने मान पुसत.

"रोज दोनदा मामाच्या घरावरनं जातो मी," तो कुणाकडेच न पाहता म्हणाला. "ते ओट्यावर बसलेले असतात. मी काच वर करतो. परवा त्यांनी हात केला, तरी मी काच वर केली."

"मंग आज खाली कर."

"आणि काय सांगू? आई खोटं बोलली म्हणून?"

"सांग. तसंच सांग. दादा हसंल."

ऋषीने ताट ओढून घेतले, आणि दुसरी पोळी घेताना पूर्णिमाला विचारले की तुमच्या पिक्चरमध्ये आता आई नाहीच का. त्या आवाजात राग फारसा उरला नव्हता. नाही, असे तिने सांगितले. यावर तुळजाबाईंनी मुलाकडे, मग तिच्याकडे आणि मग तिच्या पिशवीकडे पाहिले.

"आनलायस का तुझा क्यामेरा?"

"आणलाय. पण मावशी, तुम्ही बोललंच पाहिजे असं काही नाही. खरंच नाही."

"ते कळलं मला. मला बोलायचंय. पन आता सायेब, तुमचा त्यो कागद वाचा."

तांबवेकरांनी वाचला. अर्धवट नाही, सारांश नाही. पृथ्वीवर कोठेही आणि कायमचे यांसकट सगळा. तुळजाबाईंनी ऐकून घेतले आणि असल्या कागदावर आपण सही केली होती याबद्दल स्वतःला एक शेलकी शिवी दिली. मग त्यांनी विचारले की याला बांध का नाही. तांबवेकरांना क्षणभर भरून आले. त्यांनी पूर्णिमाकडे पाहिले; तिने तो इंग्रजी कागद त्यांच्याकडून घेतला, फाडला आणि तुकडे त्यांच्या हाती दिले. तांबवेकरांनी वहीतला कोरा कागद काढून, पोळपाट उलटा करून त्यावर ठेवला, आणि वर सुवाच्य अक्षरात लिहिले : 'चतुःसीमा'.

बाई सांगत गेल्या आणि ते लिहीत गेले. पूर्वेस : हडपसरचे दत्तोबा यांस आधी दाखवल्यावाचून दुसऱ्या कोणासही दाखवू नये. पश्चिमेस : मुलाच्या गाडीचा नंबर व कंपनीचे नाव येऊ नये, कारण नोकरी जाईल. तिसऱ्या बाजूला त्या म्हणाल्या की मला काय इचारलं ते बी लोकास्नी ऐकू येऊ द्या, नुसतं माझं बोलनं नको. तांबवेकरांनी लिहिले : दक्षिणेस, प्रश्नासह उत्तर, प्रश्न वगळून उत्तर दाखवू नये. हे लिहिताना पूर्णिमाने हात पुढे करून कागदाच्या कडेवर ठेवला होता, जणू तिलाही ते वाक्य पाठ करायचे होते. उत्तरेस : लिहून देणार यांनी तयार झालेले सर्व पाहिल्यावर नको वाटेल तेवढे काढावे, सही त्यानंतरच.

मग दोन प्रती झाल्या. एक बाईंची, एक पूर्णिमाची. दोन्हींवर पूर्णिमाचा पत्ता आणि फोन नंबर, आणि तिच्या नंबराखाली, कोणी न सांगता, तांबवेकरांचाही. ऋषीचे जेवण झाले होते. निघायची वेळ झाली तरी तो दारात घुटमळत होता.

तांबवेकरांनी पेन खाली ठेवले. सवयीने त्यांची मान कागदावर झुकलेली होती; ती त्यांनी मुद्दाम वर केली. समोर पिठाचा पांढरा डाग असलेला गाल होता आणि त्यांच्याकडे सरळ बघणारे दोन डोळे.

"मजकूर वाचून दाखवला," ते सावकाश म्हणाले. "समजला का? मान्य आहे ना?"

"न्हाय," तुळजाबाई म्हणाल्या.

पूर्णिमा दचकली. तांबवेकर दचकले नाहीत. बत्तीस वर्षांत जो शब्द त्यांच्या टेबलापर्यंत पोचला नव्हता तो ऐकून त्यांना, का कोण जाणे, फार मोकळे वाटले.

"काय राहिलं?"

"मुक्तावयनी ऱ्हायली. सगळ्या बाया भावाचंच बोलत्यात. चार वर्सं रांधून घातलं ते तिनं. मी तिचं नाव घेनार, आन् ते जर कापलं, तर माझं समदंच कापा. लिवा."

बाजू चारच असतात, आणि पाचवीला नाव नाही, असा एक आक्षेप तांबवेकरांच्या ओठांवर आला. तो त्यांनी तिथेच ठेवला, पेन उचलले, आणि दोन्ही प्रती पुन्हा समोर ओढल्या.